पगाराचा आकडा जाहिरातीतच का नको?

'पाहिजेत' सदरातली कोणतीही जाहिरात काढून पाहा. पद, शिक्षण, अनुभव, 'दुचाकी असल्यास प्राधान्य' असे सगळे असते. पगारापुढे मात्र 'योग्यतेनुसार'. जळगाव एमआयडीसीतला पाइप-चटईचा कारखाना असो, दाळमिल असो की धुळ्याची अवधान वसाहत, आकडा कळतो तो समोर बसल्यावर. पारोळ्याहून किंवा साक्रीहून एसटीने आलेल्या मुलाचे तिकीट आणि चालू कामावरचा खाडा तोवर पदरी पडलेला असतो.

युरोपीय महासंघाने यावर २०२३ मध्ये निर्देश काढला आणि सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंत तो कायद्यात उतरवण्याची मुदत दिली. मुलाखतीआधी उमेदवाराला सुरुवातीचे वेतन किंवा किमान-कमाल आकडा सांगायचा, आणि 'आधी किती मिळत होते?' हे विचारायचेच नाही. माझ्या मते दुसरी अट जास्त मोलाची. एखाद्या मुलीने पहिल्या दुकानात आठ हजारांवर काम केले असेल, तर पुढच्या ठिकाणी नऊ मिळाले तरी तिला वाढ वाटते. शेजारच्या टेबलावर त्याच कामाचे बारा मिळतात, हे तिला कोण सांगणार?

भारतात काय?

जाहिरातीत पगार छापण्याची सक्ती आपल्याकडे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने वेतनचिठ्ठी बंधनकारक केली, सारख्या कामाच्या वेतनात स्त्री-पुरुष भेदाला मनाई केली. पण चिठ्ठी हाती येते ती नोकरी लागल्यावर, आणि तीही फक्त स्वतःची. मग भेदभाव सिद्ध करायचा कसा? गंमत म्हणजे १९५९ च्या कायद्याने २५ वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायला सांगितले होते. त्या नमुन्यात पगाराचा रकानाही होता! खासगीवाल्यांनी तो किती मनावर घेतला, हे वेगळे सांगायला नको.

आकडा उघड असतो तो सरकारी जाहिरातीत. २०२३ च्या तलाठी भरतीत २५,५०० ते ८१,१०० ही वेतनश्रेणी छापलेली होती. ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. सुरक्षितता हे मोठे कारण खरेच, पण काय मिळणार हे आधी कळणे हेही त्यात आलेच.

आकड्यातही मेख असते. 'सीटीसी १८ हजार' म्हटले आणि त्यातच पीएफचे मालकाचे १,८०० व कामगाराचे १,८०० धरले, की हातात उरतात १४,४००. ईएसआय, व्यवसाय कर आणखी वेगळा. म्हणून छापायचा तर हातात येणारा आकडा छापावा.

मालकांची अडचण खोटी नाही. नव्याचा आकडा जाहीर झाला की दहा वर्षांचा जुना माणूस दारात उभा राहतो. पण त्याचा राग आकडा छापल्यामुळे नसतो, कमी दिल्यामुळे असतो.

नव्या कायद्याची वाट न पाहता एक गोष्ट करता येईल. महास्वयम पोर्टलवर जागा टाकणाऱ्या आणि जिल्हा कौशल्य विकास केंद्राच्या रोजगार मेळाव्यात टेबल मांडणाऱ्या प्रत्येक कंपनीला किमान-कमाल हातातला पगार लिहिण्याची अट घालावी. '१० ते ४० हजार' असली पळवाट चालू देऊ नये. मेळावा सरकारी, मांडव सरकारी. तिथे अट घालायला जिल्हा प्रशासनाने कचरू नये.