थरथर ओळखणारा इंजिनिअर

काळूकाठी किंवा भातसाकाठी डिझेल इंजिन थरथरू लागले, की जाणता शेतकरी आधी पायाचे बोल्ट आवळतो. थरथर राहिली तर यंत्र झिजते. अणुभट्टीचेही तसेच.

डॉ. अनिल काकोडकर हे मेकॅनिकल इंजिनिअर. जन्म १९४३चा, आईवडील गोवा मुक्तिलढ्यातले. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९६३ साली पदवी घेऊन ते १९६४ मध्ये ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात रुजू झाले. तिथली ‘ध्रुव’ अणुभट्टी उभारण्यात त्यांचा मोठा वाटा. ऑगस्ट १९८५ मध्ये ती सुरू झाली आणि पुढे पाण्याच्या जोराने आतल्या इंधनाच्या नळकांड्या थरथरू लागल्या. आपल्याच इंजिनिअरांनी दोष शोधून दूर केला. १९८८ मध्ये भट्टी पूर्ण १०० मेगावॅटवर चालली. २००० ते २००९ काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते.

तेव्हा शहापूर-मुरबाडकरांनो, पंप खोलून बसणाऱ्या पोराला, पोरीलाही, रागावू नका. दहावीनंतर आयटीआय, पदविका, पदवी अशा वाटा आहेत. आयटीआय झालेल्यांनाही भाभा केंद्र परीक्षा घेऊन प्रशिक्षणार्थी म्हणून घेते. हाताला यंत्र कळतेच. त्याला गणिताची जोड तेवढी द्या. शेतीच्या दिवसांत शाळा बुडवू नका.