फुकटचे श्रम: तिचे आणि त्याचे

वेबसाइट उभारायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ साली निघालं. कुणीही वापरावं, सुधारावं. जगभरचे लोक त्यासाठी स्वयंसेवा करतात. मराठी अनुवादाचंही तेच. कल्पना उत्तम! पण स्वयंसेवेला वेळ लागतो, तो कुणाकडे आहे?

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज २८९ मिनिटं गेली, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. बदलापूरहून मुंबईला नोकरीला जाणारी परतताना लोकलमध्येच भाजी निवडते. उल्हासनगरात घरी बसून जीन्सचे धागे कापणारीला संगणक कुठला? तिचं फुकट काम ते कर्तव्य, त्याचं फुकट काम ते योगदान! वर त्याला नाव मिळतं, त्या नावावर नोकरीही.

गिटहबच्या २०१७ च्या पाहणीत उत्तरं देणाऱ्यांत बाया अवघ्या ३ टक्के. म्हणे, बायकांना आवडच नाही! मग २०२० साली वर्डप्रेसच्या ५.६ आवृत्तीची धुरा स्त्रिया आणि नॉन-बायनरी व्यक्तींच्या गटानं वाहिली, ती कशी?

'आउटरीची' हा उपक्रम अशाच कामाचे तीन महिने पैसे देतो. अंबरनाथच्या मुलींना स्वयंसेवेला बोलावणाऱ्यांनी आधी तेवढं द्यावं. आणि घरातल्या पुरुषानं संध्याकाळचा स्वयंपाक करावा, फुकट.