विश्लेषण : विंडोजच्या जागी लिनक्स आले, पण वायफाय कुठे गेले?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. वाढीव मुदतीसाठी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट मिळतील, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर नसेल, तर विंडोज ११ अधिकृतपणे बसवता येत नाही. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेला, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉप कागदोपत्री म्हातारा ठरला. त्यामुळे अनेकांनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट या मोफत प्रणालींकडे मोर्चा वळवला आहे. पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात लिनक्स बसते, पडदा, कीबोर्ड, आवाज सगळे चालते. कोपऱ्यात वायफायची खूण मात्र नसते. मग ‘लिनक्स आपल्या कामाचे नाही’ असा निकाल लागतो आणि लॅपटॉप कपाटात किंवा भंगारात जातो. बऱ्याचदा हा निकाल घाईचा असतो.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत फरक काय?

वायफाय कार्ड आणि संगणकाची प्रणाली यांच्यातला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोजमध्ये तो कार्ड बनवणारी कंपनी पुरवते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतात. म्हणून अनेक जुनी कार्डे काहीही डाउनलोड न करता चालतात, आणि अगदी नव्या लॅपटॉपचे वायफाय मात्र दिसत नाही. उदाहरणार्थ, स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणाऱ्या रिअलटेकच्या आरटीएल ८८५२बीई या चिपचा ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलमध्ये दाखल झाला. उबुंटू २२.०४ ची मूळ आवृत्ती ५.१५ कर्नलवर आली होती. तो पेनड्राइव्ह वापरून लिनक्स बसवले, तर हे कार्ड ओळखले न जाणे स्वाभाविकच. अशा वेळी उपाय एकच : नवी आवृत्ती घ्यावी.

दुसरा भाग फर्मवेअरचा. हा छोटा प्रोग्रॅम खुद्द कार्डाच्या आत चालतो आणि संगणक सुरू झाल्यावर ड्रायव्हर तो कार्डात भरतो. ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर बहुधा बंदिस्त असते. ते वाटण्याची परवानगी कंपनीने दिली, तरच लिनक्ससोबत येते. खरे गाडे इथेच अडते.

ब्रॉडकॉमचेच नाव सारखे का निघते?

वीस वर्षांपूर्वी ब्रॉडकॉमच्या चिप असंख्य लॅपटॉपमध्ये होत्या, पण कंपनी त्यांची माहितीपत्रके देत नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट पाडले. एकाने कंपनीच्या ड्रायव्हरची चिरफाड करून तो कार्डाशी काय बोलतो, याचे टिपण लिहिले. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून हा खटाटोप. हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. फर्मवेअर वाटण्याची परवानगी मात्र तेव्हाही नव्हती. त्यामुळे कंपनीचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा आणि त्यातून फर्मवेअर कापून काढायचे, असे स्वतंत्र साधन तयार करावे लागले. म्हणजे वायफाय सुरू करण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय! आधी कोंबडी की आधी अंडे, यातलाच प्रकार.

२०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. पण २०१३ ते २०१५ च्या अनेक मॅकबुकमधल्या बीसीएम ४३६० सारख्या चिप आजही कंपनीच्या बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरवर अवलंबून आहेत. रेडिओ लहरींचे नियम आणि व्यापारी गुपिते ही चिप उद्योगाची नेहमीची कारणे. ती पूर्ण खोटी नाहीत, पण पूर्ण पटणारीही नाहीत. कारण अथेरॉसने २००८ मध्ये आपल्या ‘एन’ श्रेणीच्या कार्डांचा ड्रायव्हर खुला केला आणि त्यातल्या पीसीआय कार्डांना वेगळे फर्मवेअरही लागत नाही. रेडिओचे नियम त्या कंपनीलाही लागू होतेच.

बंदिस्त फर्मवेअरबाबत लिनक्सवाल्यांचा सोवळेपणाही वापरकर्त्यांना भोवला. डेबियन या प्रणालीच्या अधिकृत संचात असे फर्मवेअर वर्षानुवर्षे नसायचे. ते वेगळे शोधून आणावे लागे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबतच मिळू लागले.

बिघाड शोधायचा कुठून?

पहिले औषध खिशातच आहे. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले, की लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजते आणि इंटरनेट लगेच मिळते. फोन घरच्या वायफायवर असेल, तर बहुतेक फोन तेच इंटरनेट पुढे देतात, दिवसाचा दीड जीबी डेटाही खर्च होत नाही. कोंबडी-अंड्याचा पेच एवढ्यावर सुटतो. त्यानंतर प्रणाली अपडेट करावी. उबुंटू आणि मिंटमध्ये ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ शोधणारी खिडकीही असते, ब्रॉडकॉमवाल्यांचे काम अनेकदा तिथेच होते.

तरीही अडले, तर आधी कार्ड कोणते ते पाहावे. लॅपटॉपच्या खोक्यावरचे नाव इथे कामाचे नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे असू शकतात. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा, लहान इंग्रजी अक्षरांत सलग, दिली की यादी येते. तिला ‘-एनएनके’ हा पर्याय जोडला, तर कार्डाचा क्रमांक आणि त्याला कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही दिसते. (क्रमांकाची सुरुवात ८०८६ ने असेल तर कार्ड इंटेलचे. त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा आकडा.) ड्रायव्हरची ओळ नसेल तर कर्नल जुना आहे किंवा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागेल. ओळ असूनही वायफाय नसेल तर संशय फर्मवेअरवर. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलची रोजनिशी उघडते आणि फर्मवेअरची कोणती फाइल सापडली नाही, ते तिथे नावानिशी लिहिलेले असते.

कधी कधी यातले काहीच नसते. कीबोर्डवरचे विमानाचे बटण चुकून दाबलेले असते. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा ते सांगते. त्यापायी सगळी प्रणाली पुन्हा बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी विंडोजमधला ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि काही कार्डे लिनक्समध्ये जागीच होत नाहीत.

ड्रायव्हर बसवूनही का चालत नाही?

अनेकदा कारण ‘सिक्युअर बूट’ असते. बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरवर संगणकाला मान्य असलेली सही नसेल, तर कर्नल तो आत घेत नाही. उबुंटू यासाठी बसवतानाच एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. अनेकजण तो पडदा पाहून घाबरतात आणि ‘कंटिन्यू’ करून पुढे जातात. वायफाय मग येत नाही आणि कारणही कळत नाही. असे ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक अपडेटनंतर नव्याने जुळवावे लागतात. ते काम आपोआप व्हायला हवे, पण ड्रायव्हर फार जुना असेल तर तिथेही ठेच लागते.

वायफाय जोडले जाते पण दर थोड्या वेळाने तुटते, ही तक्रार निराळी. तिथे वीजबचतीवर आधी संशय घ्यावा. उबुंटूत नेटवर्कमॅनेजरच्या ‘वायफाय पॉवरसेव्ह’ या नोंदीतला ३ हा आकडा २ केला, की कार्डाचे डुलकी घेणे थांबते. फक्त घरचेच वायफाय दिसत नसेल तर राउटरचे चॅनेल पाहावे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झवर १३ चॅनेल वापरता येतात. पण कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत असेल, तर १२ आणि १३ वरचे राउटर त्याला दिसत नाहीत.

कार्ड बदलणे परवडते का?

बरेचदा परवडते, पण खरेदीत फसगत होऊ शकते. इंटेलचे एएक्स २०१ किंवा एएक्स २११ ही कार्डे इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसोबतच चालतात. जुन्या किंवा एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती खाचेत बसतात, पण चालत नाहीत. तिथे एएक्स २०० किंवा एएक्स २१० घ्यावे. २०१२ च्या आसपासच्या लॅपटॉपमध्ये खाचच वेगळी असते. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपचे बायोस ओळखीचे नसलेले कार्ड सरळ नाकारते.

यूएसबी डोंगल हा सोपा मार्ग, पण तिथे नाव एकच ठेवून आतली चिप बदलण्याचा प्रकार चालतो. खोक्यावरचा ‘व्हर्जन’ क्रमांक पाहून आत कोणती चिप आहे, ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि विंडोज पुसण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहावे. त्यात वायफाय दिसले, तर बसवल्यावरही ते दिसण्याची शक्यता मोठी. नाही दिसले, तर विंडोज अजून जागेवरच असते.