मार्केटिंगची नोकरी हवीय? आधी गावात विकून दाखवा

पेण/रोहा : मार्केटिंग शिकलेली तालुक्यातली मुलं पनवेल-मुंबईच्या जाहिराती बघत बसतात. मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न येतो, 'आजवर काय विकलंय?' तिथंच गाडी अडते.

याचं उत्तर गावातच मिळू शकतं. पेण, हमरापूर, जोहे भागातल्या गणेशमूर्ती परदेशात जातात. जहाजाने पाठवायच्या, म्हणून ऑर्डर काही महिने आधीच घ्याव्या लागतात. एखाद्या कारखान्याचे फोटो, दरपत्रक आणि ऑर्डरचा हिशेब सांभाळला, तर हंगामाअखेर दाखवायला आकडे हातात येतात.

रोह्याचं गणित वेगळं. धाटाव एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांचं गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या कंपन्या. तिथं गोड बोलण्यापेक्षा मालाची माहिती लागते, म्हणून केमिस्ट्री शिकलेल्यांनी विक्रीचाही विचार करावा.

आणि नोकरीआधी कुणी 'डिपॉझिट' मागितलं, तर पैसे भरू नका. पगार देणारा आधी पैसे घेत नाही.