वेग सांभाळतो कोण?

उजळाईवाडीच्या विमानतळास २०२४ साली नवी वास्तू लाभली, तेव्हा करवीरकरांना झालेला आनंद रास्तच होता. १९३९ साली संस्थानी काळात सुरू झालेल्या या तळाने उपेक्षेची दीर्घ वर्षे पाहिली आहेत. परंतु वास्तूच्या कमानींविषयी जितके बोलले गेले, त्याच्या शतांशानेही तेथून उडणारे विमान हवेत कशाच्या बळावर तरते आणि ते बळ कोण राखतो, याविषयी बोलले गेले नाही. हा विषय तज्ज्ञांवर सोपवून प्रवाशाने स्वस्थ बसावे असा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाही.

विमानाला तोलून धरतो तो त्याचा हवेतील वेग, जमिनीवरून मोजलेला नव्हे. तो मोजण्याची युक्ती मूळची नदीवरची आहे. १७३२ साली पितो नामक फ्रेंच अभियंत्याने वाकविलेली नळी सेन नदीच्या प्रवाहासमोर धरली. प्रवाह जितका जोराचा, तितके पाणी नळीत वर चढले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे जेथे शाळकरी पोरेही सांगतात, तेथे या युक्तीचे मर्म फार उलगडावयास नको. विमानाच्या नाकाशी अशीच नळी वाऱ्याला तोंड देते. तिच्यातील दाब आणि बाजूच्या छिद्रांतून मिळणारा स्थिर हवेचा दाब यांच्या फरकावरून वेगाचा आकडा निघतो व तोच स्वयंचालकाच्या संगणकास पुरविला जातो.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेल्या बोईंग विमानाची अशी एक नळी बुजली होती. बहुधा कुंभारीण माशीच्या घरट्याने. वेग भलताच वाढल्याचा खोटा आकडा मिळताच यंत्रणेने नाक उचलले, इंजिनांचा जोर उतरविला. १८९ माणसे समुद्रात गेली. चुकीचे गणित उतरवून घेऊन त्याचे बिनचूक उत्तर काढणारे विद्यार्थी आम्ही वर्गात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नसतो.

याहून बोचरे उदाहरण घरचे आहे, आणि तेथे नळ्या धडधाकट होत्या. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान मुंबईहून बंगलोरला गेले. अशा विमानात वेग राखण्याच्या दोन रीती असतात. एकीत इंजिनांचा जोर कमीअधिक होऊन वेग राखला जातो. दुसरीत इंजिने मंद राहतात आणि नाक झुकवून वेग टिकवावा लागतो. उतरताना यंत्रणा दुसऱ्या रीतीत होती. वैमानिक मात्र उताराची रेषा साधण्यासाठी नाक उचलीत राहिले. १३२ नॉट हवा असलेला वेग १०६ वर आला. आकडा डोळ्यांसमोर पडद्यावर होता! विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले.

ठपका वैमानिकांवर आला. तो अनुचित होता असे आम्ही म्हणत नाही. तथापि, वेगाचा राखणदार बदलल्याची वर्दी जी यंत्रणा पडद्यावरील चार-दोन अक्षरांनी देते, तिच्याजवळ बसणाऱ्याची तयारी कोणी व किती करून घेतली, हा प्रश्न त्या ठपक्याने मिटत नाही. कोल्हापूरसारख्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर विमानांत तर इंजिनांचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा नसतेच. स्वयंचालक उंची धरून बसतो. वेगाची राखण वैमानिकाच्या हाताकडे राहते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वेगाचा आकडा खोटा ठरला असता, अथवा सारी स्वयंचलित साधने बंद असता विमान हाकण्याचा सराव प्रत्येक वैमानिकास वर्षाकाठी किती तास मिळतो, हे विमान कंपन्यांनी जाहीर करावे. ऐन पावसाळ्यात तळावर उभ्या राहणाऱ्या विमानाच्या नळ्यांवर आच्छादन कोण चढवितो व ते उतरविल्याची नोंद कोण तपासतो, तेही सांगावे. लोकसभेत हे विचारण्यास आमच्या खासदारांना विमानविद्येची पदवी लागणार नाही.