आईचा काळा घोटा

परवा रात्री मावशीचा फोन आला. मावशीचा फोन म्हणजे पाऊण तास, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधी गॅस बंद केला आणि मगच उचलला. पेपरात जाहिरात होती म्हणे. ऑपरेशनशिवाय व्हेरिकोज व्हेन्सवर उपाय, पॅकेज घेतलं तर सूट. "जाऊन येऊ का गं?" मी इतकं बोलले की शेवटी तीच म्हणाली, अगं, हे तुझ्या त्या ब्लॉगवर लिही की. तर मावशी, हे घे.

मुळात 'ऑपरेशनशिवाय' हा शब्दच मला खटकतो. तो उपचार सांगत नाही, फक्त आपली भीती ओळखतो. पोटरीवर घालायचा घट्ट मोजा ऑपरेशनशिवायच आणि नसेत नळी सरकवून ती लेसरने आतून भाजणंही ऑपरेशनशिवायच. दोन्हींत काय साम्य आहे? टाके नाहीत, एवढंच.

आईचं सांगते. चौतीस वर्षं साताऱ्याकडच्या एका शाळेत शिकवलं तिने, उभं राहून. खुर्चीत बसून शिकवणं म्हणजे कामचुकारपणा असं तिचं मत. दुपारी घरी आली की फरशीवर आडवी व्हायची आणि दोन्ही पाय भिंतीला लावून वर करायची. आम्ही भावंडं हसायचो. तो खरोखरच एक उपचार आहे आणि तो तिने तिचा शोधला होता, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट चट्टा आला, खाज सुटली. गजकर्ण म्हणून मेडिकलमधून मलम आणलं. मग दुसरं मलम. शुगर तपासली, ती नॉर्मल. अशी तीन वर्षं गेली. मी ठाण्याहून महिन्यातून एकदा जायचे, चट्टा बघायचे आणि म्हणायचे, "आई, पावडर लावत जा." (हो, मीच. बी.एस्सी. झालेली मी.) मग एकदा डास चावला, तिने खाजवलं आणि त्याची जखम झाली. ती आठ महिने भरली नाही. रोज ड्रेसिंग आणि रोज साडीच्या काठाला लागलेलं पाणी.

शेवटी एका सर्जनने तिला उभं करून पायाची डॉप्लर सोनोग्राफी केली. उभं करून, हे महत्त्वाचं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. झडप निकामी झाली की रक्त खाली साठतं, शिरेतला दाब वाढतो, कातडी काळी पडते आणि एक दिवस फाटते. आईची जखम घोट्यावर होती, पण बिघडलेली झडप होती जांघेत! आम्ही तीन वर्षं मलम लावत होतो ते भलत्याच जागी.

तिची ती शीर लेसरने बंद केली. फक्त बधिर करायची इंजेक्शनं दिली, त्याच दिवशी ती चालत घरी आली. "शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" हे काकांनी चार वेळा विचारलं. तर पायातलं बहुतेक रक्त मुळात खोलवरच्या शिरांतूनच जातं, ही वरची शीर बिघडलेली असली की तिचा उपयोग कमी आणि उपद्रवच जास्त. वर दाबाचं बँडेज होतंच. दोनेक महिन्यांत जखम भरली. ब्रिटनमध्ये अशा जखमांच्या 450 रुग्णांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2018 साली आले. बँडेजबरोबर शिरेचा उपचारही लवकर केला त्यांची जखम मध्यम हिशेबाने 56 दिवसांत भरली, उपचार लांबणीवर टाकला त्यांची 82 दिवसांत. आईचा काळा डाग मात्र राहिला. तो राहणारच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

आता मावशी, तुझ्या जाहिरातीतलं इंजेक्शन. ते खोटं नाही हं. शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करणारं औषध सोडतात, शीर आकसते आणि बंद होते. मोठ्या शिरेसाठी त्याचा फेस करतात. 2000 साली तेस्सारी नावाच्या इटालियन डॉक्टरने याची सोपी रीत सांगितली. दोन सिरिंजा, मध्ये एक तोटी, एक भाग औषध, चार भाग हवा आणि वीसेक वेळा इकडून तिकडे. ताक घुसळावं तसं! पण मुख्य झडप गळत असताना नुसत्या वर दिसणाऱ्या नसा टोचून घेतल्या तर टाकीचा नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखं होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 मध्ये क्रमच लावून दिला. आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फेस आणि तेही नाही जमलं तर शस्त्रक्रिया. मला तो पटतो. सोनोग्राफी न करता पॅकेज सांगणाऱ्याकडे जाऊ नये, हे माझं ठाम मत.

मोज्यांबद्दल दोन शब्द. मोजा झडप दुरुस्त करत नाही, तो काढला की पाय पुन्हा जड. पण ठणका आणि सूज कमी होते. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घालायचा, हातात रबरी ग्लोव्ह्ज चढवून. मे महिन्यात ठाण्यात तो घालणं ही शिक्षाच आहे, खोटं कशाला बोलू. आणि मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर विचारल्याशिवाय अजिबात घालायचा नाही. तेलाने कातडी मऊ राहते, झडपेला त्याचं काही नसतं. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर मोजा नाही, तेल नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. आत गुठळी असू शकते.

माझ्या स्वतःच्या मांडीवर धाकट्याच्या वेळेपासून जांभळी जाळी आहेत, कोळ्याची असतात तशी. दुखत नाहीत. बारीक सुईने ती घालवता येतात, दोनतीन खेपा लागतात, कधी तपकिरी डाग राहतात आणि पुढे नवी जाळी येऊ शकतात. वरून मारायच्या लेसरने आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर डाग पडायची भीती जास्त. मी नाही केलं. माझ्या मैत्रिणीने केलं, ती खूश आहे आणि तिला हसणाऱ्यांचा मला राग येतो. बाई दिसण्यासाठी गेली की नखरे आणि दुखण्यासाठी गेली की "एवढंसं तर आहे"... म्हणजे जायचं तरी कधी?

आणि या सगळ्यात खुर्चीबद्दल कुणीच बोलत नाही. कोझिकोडच्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका बसण्याच्या हक्कासाठी भांडल्या, तेव्हा केरळने 2018 मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून तो हक्क दिला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही दिला. नुसतं बसून हा आजार टळतो असं नाही, आनुवंशिकता असते, बाळंतपणं असतात, वजन असतं. पण साडीच्या दुकानात आपण गादीवर रेलून तिसावी साडी उलगडायला सांगतो, तेव्हा काउंटरमागच्या मुलीला स्टूल आहे का, हे मी हल्ली बघते. बहुतेक ठिकाणी नसतं.

मावशीची डॉप्लर शुक्रवारी आहे. मी सोबत जाणार आहे. आईपण येते म्हणाली, "मला सगळं माहीत आहे, मी सांगते डॉक्टरांना." त्यामुळे शुक्रवारी तिकडे काय होईल ते होवो. पॅकेजची सूट रविवारी संपतेय, असं मावशीने आत्ताच पुन्हा फोन करून कळवलंय.