अडथळा कोणी केला?

२००८ साली पुण्यात आशिया-पॅसिफिक देशांची 'रोबोकॉन' ही यंत्रमानवांची स्पर्धा भरली. तिचा विषय होता आपला गोविंदा! आता अशा स्पर्धा शाळांपर्यंत आल्या आहेत. एकाच मैदानावर दोन संघांची यंत्रे धावू लागली, की ती एकमेकांना भिडणारच. मग पंच 'अडथळा' म्हणून दंडाचे गुण लावतात, आणि संघ म्हणतो, "आम्ही मुद्दाम केले नाही!" हे उत्तर पुरेसे आहे काय?

क्रिकेटमध्ये ते पुरेसे ठरू शकते. क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल फलंदाज बाद होतो, पण तो अडथळा त्याने जाणूनबुजून आणलेला असावा लागतो. १९८९ साली अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध मोहिंदर अमरनाथ असे बाद झाले. धावचीत होण्याची वेळ आली असता त्यांनी चेंडू पायाने उडवला होता. माणसाचा हेतू त्याच्या हालचालीवरून ताडता येतो. यंत्राचा हेतू कोठे शोधणार?

बरे, कोणी किती जोराने ढकलले ते मोजावे, तर न्यूटनचा तिसरा नियम आड येतो. मोंढ्यातल्या अरुंद गल्लीत दोन हातगाड्या भिडल्या, तर पहिलीचे दुसरीवरील बल आणि दुसरीचे पहिलीवरील बल सारखेच असते. म्हणजे बल मोजून दोषी सापडत नाही.

म्हणून नियम करणाऱ्यांनी घड्याळाचा आधार घेतला. 'फर्स्ट टेक चॅलेंज' ह्या शालेय स्पर्धेच्या २०२४-२५ च्या नियमांत 'क्षणिक' म्हणजे सुमारे ३ सेकंदांहून कमी, 'सतत' म्हणजे सुमारे १० सेकंदांहून अधिक आणि 'वारंवार' म्हणजे एका सामन्यात एकाहून अधिक वेळा, अशा व्याख्या आहेत. समोरचे यंत्र हलू पाहत असताना त्याला ३ सेकंदांहून अधिक काळ दाबून धरले, तर दंड होतो. तेथे "मुद्दाम नव्हते" हे उत्तर चालत नाही.

अर्थात हेतूचा प्रश्न अजिबात उरत नाही, असे नाही. प्रतिस्पर्ध्याला नियम मोडायला भाग पाडून त्याच्यावर दंड ओढवण्याचा डाव ह्याच नियमांनी निषिद्ध ठरवला आहे. तो ओळखताना पंचाला तारतम्य लागते. माझ्या मते असा निर्णय एका धक्क्यावरून देऊ नये. तेच वर्तन पुन्हा दिसते का, ते पाहावे.

आपल्या जालना जिल्ह्यातील शाळांत अशी स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. 'अडथळा आणू नये' एवढेच लिहिणे हा उपदेश झाला, नियम नव्हे. कोणता स्पर्श, किती सेकंद, किती गुण, हे आधी फळ्यावर लिहावे आणि मुलांच्या शंका सामन्यापूर्वीच ऐकाव्यात. महिनोन्‌महिने खपून यंत्र बनवणारी मुले, सामन्यानंतर अर्थ ठरलेल्या एका शब्दामुळे हरली, तर त्यांचा विश्वास उडतो.

आणि मित्रांनो, तुम्हीही यंत्राचा पहिला स्क्रू पिळण्याआधी नियमांतील व्याख्या वाचा. प्रयोगात आपण राशीची व्याख्या आधी ठरवतो आणि मग मापन करतो. खेळातही तोच क्रम ठेवा.